चौकशीच्या नंबरवरच्या गोष्टी

हिरा ओव्हाळचं पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हा ती पस्तिशीची होती. पण तिची पहिली गोष्ट कुणीतरी ऐकली ती त्याच्या बारा वर्षं आधी, आणि तीही टेलिफोनवर.

तेव्हा ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. येरवड्याच्या वस्तीतून शिकून सरकारी नोकरीला लागलेली त्या गल्लीतली पहिली मुलगी. वडील धोंडिबा खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होते. नेमणुकीचं पत्र त्यांनी विहारात नेऊन सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, अगदी खालच्या सही-शिक्क्यासकट. हिराचं काम चौकशीच्या नंबरवर होतं. कानाला हेडफोन, समोर जाडजूड याद्या. लोक नाव सांगायचे, ती नंबर सांगायची. दिवसभरात शेकडो आवाज कानावरून जायचे आणि संध्याकाळी त्यातला एकही आठवायचा नाही.

एक आवाज मात्र आठवायला लागला. रोज दुपारी चारच्या सुमाराला एका लहान मुलीचा फोन यायचा. आईच्या ऑफिसचा नंबर हवा असायचा. पहिल्या दिवशी हिरानं दिला, दुसऱ्या दिवशीही दिला. तिसऱ्या दिवशी विचारलं, काल लिहून घेतला नाहीस का?

"घेतलाय," मुलगी म्हणाली. "पण तिथं आईला फोनवर बोलावत नाहीत. तुम्ही बोलता."

नियमाप्रमाणे फोन ठेवायला हवा होता. त्याऐवजी हिरानं आदल्या दिवशी वस्तीत घडलेला प्रकार सांगायला सुरुवात केली. शेजारच्या मुक्ताईची शेळी महापालिकेनं बांधलेल्या नव्या इमारतीचा जिना चढून चौथ्या मजल्यावर गेली होती. चढताना मजेत चढली, उतरायला मात्र तयार होईना. चार माणसं ढकलत होती, मुक्ताई खालून पाला दाखवत होती आणि शेळी वरून सगळ्या येरवड्याकडे पाहत रवंथ करत होती. दोन मिनिटांत गोष्ट झाली. पलीकडून खुदखुद हसण्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

मग ते रोजचंच झालं. दुपारच्या त्या दोन मिनिटांसाठी हिरा सकाळपासून काहीतरी जुळवत राहायची. एकदा तिला वाटलं, आपण लहान मुलीला गोष्ट सांगतो आहोत तर तिच्यात काही बोध असावा. म्हणून तिनं शेवटी जोडलं, "म्हणून मुलांनी नेहमी मोठ्यांचं ऐकावं." पलीकडे खट्कन फोन ठेवल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी मुलीनं स्पष्टच सांगितलं की कालची गोष्ट चांगली होती, पण शेवटी ती शाळेतल्या बाईंसारखी झाली. पुढे लेखनाची शिबिरं आणि चर्चासत्रं हिरानं पुष्कळ पाहिली. पण या एका वाक्याइतकं तिला कुणी शिकवलं नाही.

दोनअडीच महिने हे चाललं. मग एक दिवस सुपरवायझर शर्मिला केतकर यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. केतकरबाई शिस्तीच्या. ऑपरेटर काय बोलतात ते ऐकण्याची सोय त्यांच्या टेबलावर होती. वडिलांनी विहारात वाचलेलं पत्र हिराच्या डोळ्यांपुढे आलं. केतकरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी तुम्हाला मेमो द्यायला हवा, ओव्हाळ," त्या म्हणाल्या. "तो देईन की नाही ते मागाहून बघू. आधी सांगा, ती शेळी शेवटी खाली कशी आली? त्या दिवशी माझा दुसरा फोन वाजला आणि ऐकायचं राहून गेलं."

हिरानं चाचरत सांगितलं, की कुणी ढकलून ती आलीच नाही. सगळे कंटाळून जेवायला गेले, तेव्हा एकटी पडली म्हणून आपल्या पायानं उतरली. बाईंनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "खात्याची लाईन मोकळी ठेवा. गोष्टी कागदावर लिहा. कागदाला एंगेज टोन नसतो."

मेमो मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी हिरानं मुलीला खरं काय ते सांगितलं, शेवटची एक गोष्ट ऐकवली आणि शेजारच्या काकूंकडे जाऊन बसत जा म्हणून सुचवलं. मुलगी बरं म्हणाली. तिचं नाव काय, ती राहायची कुठं, हे हिरानं ना तेव्हा विचारलं ना पुढे कधी शोधलं. नंबर विचारणाऱ्याचं नाव विचारायचं नाही, असा त्या कामाचा रिवाजच होता. पण त्या संध्याकाळी घरी जाताना तिनं दोनशे पानी वही घेतली.

लग्न झालं. नवरा संजय जिल्हा परिषदेत कारकून, स्वभावानं शांत, ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत मात्र कमालीचा कडक. दोघं विश्रांतवाडीला राहायला गेली. सौरभ झाला. तो गोष्ट सुरू होताच झोपी जायचा, त्यामुळे त्याचा मला आई म्हणून उपयोग झाला, लेखिका म्हणून नाही, असं हिरा अजून म्हणते. मासिकांकडे पाठवलेल्या गोष्टी साभार परत यायच्या. तरी एक वही संपून दुसरी लागली, दुसरी संपून तिसरी. अखेर अकरा गोष्टी स्वच्छ अक्षरात उतरवून ती अप्पा बळवंत चौकातल्या एका प्रकाशकाकडे गेली.

त्या गृहस्थांनी वाचल्या, हे विशेष. गोष्टी चांगल्या आहेत म्हणाले. फक्त वस्ती तेवढी बदला. शेळी कोथरूडच्या एखाद्या सोसायटीत ठेवली तर आईवडील पुस्तक घेतील.

"कोथरूडच्या सोसायटीत शेळीला गेटवरच अडवतील," हिरा म्हणाली. "मग गोष्ट कशी व्हायची?"

ते हसले नाहीत. त्यांची आणखी एक अट होती. गोष्टींमधली एक म्हातारी 'हाय', 'न्हाई' असं बोलत होती, ते शुद्ध करायचं. हिरा हस्तलिखित घेऊन घरी आली, तर संजयनंही या दुसऱ्या मुद्द्यावर प्रकाशकाचीच बाजू घेतली. मुलांच्या हाती अशुद्ध छापील मजकूर देऊ नये, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. दोन दिवस घरात अबोला राहिला. तिसऱ्या दिवशी हिराची आई वेणूबाई आली. लेकीजावयाची तोंडं पाहून तिनं कारण काढून घेतलं आणि गोष्ट वाचायला लावली. तिला वाचता येत नव्हतं. पण त्या म्हातारीचं बोलणं आपलंच आहे, हे तिला दुसऱ्याच ओळीला कळलं.

"जावईबापू," ती म्हणाली, "माझ्या तोंडचं खोडून तिथं तुमच्या हापिसातलं घातलं, तर ते बोलनं माझं न्हाई, झेडपीचं हाय."

संजयनं वही हिरापुढे सरकवली आणि चहा टाकायला उठला. त्यानंतर आजवर तिच्या प्रत्येक पुस्तकाची मुद्रितं त्यानंच तपासली आहेत. म्हातारीच्या तोंडच्या शब्दांना मात्र त्यानं कधी हात लावला नाही.

शेवटी पुस्तक छापलं ते संपतराव ढमढेऱ्यांनी. त्यांचा धंदा वह्यांचा आणि परीक्षेच्या गाइडांचा. गोष्टीतलं मला काही कळत नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं आणि हस्तलिखित पुतणीला वाचायला घरी नेलं. आठ दिवसांनी हिरा विचारायला गेली, तेव्हा ते जरा वैतागलेलेच होते. म्हणाले, "पुतणी कागद परत द्यायला तयार नाही. तुम्ही इकडे मागणार, ती तिकडे रडणार. आता छापण्यावाचून उपाय नाही."

'चौथ्या मजल्यावरची शेळी' असं पुस्तकाचं नाव ठेवलं. कुठं गाजावाजा झाला नाही. गाइडांच्या ढिगाशेजारी ते पडून असायचं, आणि गाइड घ्यायला आलेल्या वडिलांचा हात सोडून एखादं मूल तिथं रेंगाळलं की एक प्रत खपायची. येरवड्यात मात्र वेणूबाईनं त्याची व्यवस्था आपल्या पद्धतीनं लावली. रविवारी वंदना झाली की ती विहारातल्या मुलांना थांबवून घ्यायची. नियम एकच होता. ज्याला वाचता येतं त्यानं वाचायचं, ज्याला येत नाही त्यानं हसायचं. ती स्वतः हसणाऱ्यांत बसायची. ती गेली त्या वर्षापर्यंत, म्हणजे सलग तेरा वर्षं, हा क्रम चुकला नाही. तोवर हिराची आणखी सहा पुस्तकं आली होती आणि सगळीच्या सगळी वेणूबाईला तोंडपाठ होती. आई गेल्यावर हिरानं काही महिने लेखणी उचलली नाही. मग एका रविवारी विहारातल्या मुलांनीच, नवीन काही आहे का, म्हणून निरोप पाठवला.

एकदा मात्र तिचा पाय घसरला होता. एका मोठ्या प्रकाशन संस्थेनं तिला मूल्यशिक्षणाची मालिका लिहायला सांगितली. वक्तशीरपणा, स्वच्छता, आज्ञाधारकपणा, एकेका गुणावर एकेक गोष्ट. नाव मोठं होतं, हिराला मोह पडला. वक्तशीरपणाची गोष्ट लिहून तिनं ती महापालिकेच्या एका शाळेत चौथीच्या वर्गात वाचून दाखवली. वर्गशिक्षिका कल्याणी साळवे तिच्या ओळखीच्या. पहिल्या पानाला मुलं गप्प होती. दुसऱ्या पानाला तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं इतकी प्रशस्त जांभई दिली की तिच्या शेजारणीलाही आली, आणि बघता बघता ती जांभई सगळ्या वर्गात फिरली. हिराला आधी राग आला, मग शरम वाटली आणि मग हसू आलं. तिनं त्या संस्थेला नम्रपणे नकार कळवला. कल्याणीताईंना विचारून तिनं तेव्हापासून एक शिरस्ता ठेवला, की कुठलीही गोष्ट छापायला जाण्याआधी त्या वर्गात वाचायची. जिथं जांभई येईल तिथं समासात लाल खूण. खुणा तीनहून जास्त झाल्या तर गोष्ट फाडायची. आजवर अशा बऱ्याच फाटल्या. त्यांचं तिला दुःख नाही.

खात्यातून निवृत्त झाल्यावर तिच्या नावाला थोडं वजन आलं. कोथरूडच्या शाळांतूनही बोलावणी येऊ लागली. अशाच एका शाळेत, मुलांशी गप्पा आटोपल्यावर, पालकांपैकी एक बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी गंभीरपणे विचारलं, की या गोष्टीतून मुलांनी नेमकं काय घ्यायचं?

"पुस्तक घ्या की," हिरा म्हणाली. "तिथं टेबलावर ठेवलीत."

मागच्या बाकांवरचे शिक्षक आधी हसले, मग त्या बाईही हसल्या. खरोखरच त्यांनी दोन प्रती घेतल्या आणि सही घेताना हळूच सांगितलं, एक माझ्यासाठी आहे.

तिच्या अलीकडच्या पुस्तकांतली चित्रं ऋतिका काढते. ऋतिका हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला आहे, राहायला येरवड्याला. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता तिचे तीन-साडेतीन तास जातात. त्यात ती चित्रं काढते. पहिल्यांदा तिनं चित्रं आणून दाखवली तेव्हा सगळ्या रेषा जराशा थरथरत्या होत्या. "ताई, ऑनेस्टली, ती माझी स्टाईल नाहीये," ती म्हणाली होती. "ते खड्डे आहेत." हिराला त्या थरथरत्या रेषाच आवडल्या. त्यातली माणसं आत्ताच पळत आल्यासारखी दिसत होती.

गेल्या वर्षी त्या दोघींचं बसवरचं पुस्तक तयार झालं. नुसतंच शहर न ओलांडता दर सिग्नलला एक नवा प्रवासी आत घेणाऱ्या एका बसची ती गोष्ट. प्रकाशन कुठं करायचं यावर बराच खल झाला. संपतराव थकले होते. धंदा आता पुतणीकडे होता. तिनं एक सभागृह सुचवलं. ऋतिकाला ते पटेना. ती म्हणाली, प्रमुख पाहुणा भाषण करणार, बाकीचे घड्याळ बघणार. त्यापेक्षा आमच्या बसमध्येच करू, लोक तसेही अडकलेले असतात. तिनं कंपनीकडून रीतसर परवानगी काढली.

एका गुरुवारी सकाळी साडेसातला हिरा आणि संजय येरवड्याला त्या बसमध्ये चढली. आत चाळीसेक तरुण मुलंमुली, बहुतेकांच्या कानात इअरफोन. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर हिराला बसवलं. ऋतिकानं उभं राहून दोन वाक्यांत ओळख करून दिली. काहींनी इअरफोन काढले, काहींनी एकाच कानातला काढला. ही काही चौथीतली मुलं नव्हती. हिरानं पुस्तक उघडलं आणि वर्गात वाचते तसंच वाचायला लागली.

औंधपर्यंत सगळे ऐकत होते. वाकडच्या पुढे नेहमीप्रमाणे गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. त्या दिवशी कुणी कुरकुर केली नाही. एकानं मध्येच मागचं पान पुन्हा वाचायला सांगितलं, कारण हॉर्नमध्ये ऐकू आलं नव्हतं. ड्रायव्हरनं आरसा तिच्याकडे वळवून घेतला होता. संजयनं त्यांना रस्त्याकडे बघायची विनंती केली. जांभई आली नाही, हे हिरानं चोरून पाहून घेतलं.

बस कंपनीच्या दारात उभी राहिली तेव्हा गोष्टीची चार पानं उरली होती. हिरा थांबली. म्हणाली, तुम्हाला उशीर होईल, बाकीचं पुस्तकात आहे. कुणीच उठलं नाही. मागून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, लॉगिन रोजच असतं. वाचा तुम्ही."

तिनं वाचलं. शेवटचं पान झाल्यावर टाळ्या वगैरे फारशा झाल्या नाहीत, सगळ्यांना पळायचं होतं. पण उतरताना जो तो तिच्यासमोर क्षणभर थांबत होता. ऋतिका सगळ्यात शेवटी उतरली आणि खालून हात हलवत गेली.

परतीला हिरानं आणि संजयनं साधी पीएमटी पकडली. उलट्या दिशेची, म्हणून रिकामी. खिडकीची जागा मिळाली. संजयनं पिशवीतून डबा काढला, मेथीचे ठेपले आणि लिंबाचं लोणचं. खाताना तो म्हणाला, अठराव्या पानावर 'प्रवासी'तला 'सी' ऱ्हस्व पडलाय, आपल्या नजरेतून सुटला. हिरानं घास संपवला आणि पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाली. बस मोकळ्या रस्त्यानं भरधाव निघाली होती.