नाकशेठचा निळा दोरा

माझ्या दादाला सगळा बाजार नाकशेठ म्हणायचा. शेठ म्हणावं असं त्याच्याकडे कधी काही नव्हतं, नाक तेवढं होतं. लोक आपले भारीतले स्नीकर्स, कुणी वापरलेले, कुणी खोक्यातून न काढलेले, आमच्या दुकानात विकायला ठेवून जायचे. जोडी विकली गेली की आमचा वाटा ठेवून बाकीचं ज्याचं त्याला. माल लोकांचा, आमचा फक्त शब्द. आणि तो शब्द दादाच्या नाकावर चालायचा.

जोडी आली की तो आधी तिच्याकडे धड बघायचाही नाही. आतला सुकतळा उचलायचा, बुटात नाक खुपसायचा आणि डोळे मिटायचा. समोरचा माणूस ताटकळत उभा. शिलाई, लेबल, खोक्यावरचे आकडे हे सगळं नंतर, आणि तेही त्या माणसाच्या समाधानासाठी. अस्सल बुटाला आतून कोऱ्या वहीसारखा वास येतो म्हणे, आणि नकली माल नाकात टोचतो. पटलं तर दादा नाडीच्या शेवटच्या भोकात निळा दोरा बांधायचा, दोन गाठी मारून. नाही पटलं तर जोडी परत खोक्यात, आणि "दुसरीकडे बघा" एवढंच. नकली हा शब्द त्याने कुणाच्या तोंडावर उच्चारला नाही. म्हणायचा, "माणूस हौसेने घेऊन येतो, मान राखून बोलावं." मी म्हणायचे, "बुटात तोंड घालणाऱ्याने मानापानाच्या गोष्टी कराव्यात होय!" तो हसायचा.

मी त्याची धाकटी बहीण. नवऱ्याचं घर सोडून आले त्याला चौदा वर्षं झाली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी दादाने हातात जुना टूथब्रश दिला आणि दुकानाच्या मागच्या खोलीत बसवलं. सोलच्या खाचांतली माती काढायची, नाड्या भिजत घालायच्या, बुटांत कागदाचे बोळे भरून ते वाळवायचे. मी मागे असले तरी माझ्या तोंडाचा पट्टा पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत ऐकू जायचा. कितीतरी लोक मला न बघताच घाबरून असायचे, आणि ते मला आवडायचं.

दुकानाचा एक नियम होता. दुरुस्त केलेल्या जोडीला दोरा नाही. सोल सुटला असेल तर मी सोल्युशन लावून चिकटवायचे, पण मग ती जोडी खालच्या फळीवर जायची, "दुरुस्त" अशी चिठ्ठी लावून. यात लपवाछपवी शक्यच नव्हती. मी मागे सोल्युशनच्या डब्याचं झाकण नुसतं सैल केलं की पुढून आवाज यायचा, "कोणती जोडी गं?"

मग ते ॲप आलं. घरबसल्या फोटो टाकायचा, कुणीतरी विकत घ्यायचं, जोडी त्यांच्या तपासणी केंद्रात जायची आणि तिथून प्लास्टिकचा बिल्ला लागून पुढे. दोन वर्षांत आमच्या फळ्या निम्म्या झाल्या. लोक यायचे, नाही असं नाही. पायात घालून माप बघायला यायचे. "शेठ, जरा वास घेऊन सांगा ना," म्हणून फुकटात खात्री करून घ्यायचे आणि दुकानाच्या पायरीवरच उभे राहून फोनवर विकायला टाकायचे. मेल्यांना लाज कशी ती नाही! मी तणतणायचे. दादा म्हणायचा, "असू दे. त्यांच्याकडे यंत्रं आहेत, माझ्याकडे नाक आहे."

"यंत्राला सर्दी होत नाही," मी म्हणाले होते. माझ्या जिभेला हाड नाही ते असं.

त्या थंडीत दादा तापाने पडला. अकरा दिवस दुकान मी उघडलं. परत आला तेव्हा सदरा अंगावर लोंबत होता आणि बोलणं कमी झालं होतं. अशक्तपणा असेल, असं मी धरून चालले. जोडी आली की पूर्वीसारखंच नाक खुपसायचा, डोळे मिटायचा. फक्त शिलाईवरून बोट फार वेळ फिरवायचा.

तेवढ्यात नाचाच्या क्लासवाल्या बाई आल्या. गुडघा कामातून गेला म्हणून क्लास बंद केला होता. क्लासच्या पहिल्या कमाईतून त्यांनी कंपनीच्या दुकानातून घेतलेली जोडी होती, पांढरी, टाचेला लाल पट्टी. एकदाही रस्त्यावर न घातलेली. "बघून बघून जपली," म्हणाल्या. त्यांना काय माहीत की न वापरलेला बूट वापरलेल्याच्या आधी मरतो. आतलं चिकटवण सुकतं. मी मागे नेऊन बघितलं तर डाव्या टाचेशी सोल नखभर सुटलेला.

तीन आठवडे एकही जोडी विकली गेली नव्हती. वहिनी घरी हल्ली सरळ बोलत नव्हती. आणि ही जोडी अशी सुंदर, की खालच्या फळीवर ठेवायला जीव होईना. मी सोल्युशन घेतलं, काडीने आत सारलं, दाबून धरलं, वरून पुसून घेतलं. नियम मोडतेय हे मला चांगलं कळत होतं. पुढून आवाज येईल, मग दोन शिव्या खाईन, ठेवीन खालच्या फळीवर, असंही मनात होतं. आवाज आला नाही. संध्याकाळी दादाने बुटात नाक घातलं, डोळे मिटले आणि निळा दोरा बांधला. दोन गाठी.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, दादाने पहिल्यांदाच माझ्यासाठी डोळेझाक केली. खरं सांगते, मला बरं वाटलं.

जोडी आमच्या क्रेनवाल्याने घेतली. बंदरावर क्रेन चालवणारा, दहा वर्षांचं गिऱ्हाईक, दोरा दिसला की दुसरा प्रश्न न विचारणारा. पुढे त्यालाही अडचण आली आणि त्याने ती ॲपवर टाकली. केंद्रातून जोडी परत आली. सोबत छापील कागद: अस्सल असल्याचं आढळलं नाही. टाचेकडचं चिकटवण कारखान्याचं नाही.

तो दुकानात आला तेव्हा भर दुपार होती. कागद गल्ल्यावर आपटून म्हणाला, "शेठ, तुमच्या दोऱ्यावर मी डोळे मिटून विश्वास टाकला. किती वर्षं नकली विकताय?"

मी मागच्या दारात ब्रश हातात घेऊन उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. आता दादा कागद वाचेल आणि माझ्याकडे वळेल, अशी वाट बघत राहिले. त्याने कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "चूक माझी आहे. जोडी ठेव, तुझे पैसे घेऊन जा."

क्रेनवाला गेल्यावर दादा स्टुलावर बसला. म्हणाला, "तापापासून मला वास येत नाही. साबणाचा नाही, दुधाचा नाही, कशाचाच नाही. येईल येईल म्हणत थांबलो. तुला सांगितलं नाही, तुझं तोंड मोठं आहे म्हणून."

तेव्हा सांगायला हवं होतं ना? नाही सांगितलं. दुकान गेलं तर मी कुठे जाणार, हा पहिला विचार आला. आधी स्वतःचाच आला, त्याला काय करू. आज सांगते, उद्या सांगते, असं करत आठ दिवस घालवले. तोवर क्रेनवाल्याने कागदाचा फोटो सगळीकडे पाठवला होता. लोक येऊन आपापल्या जोड्या परत न्यायला लागले. दादा कुणाशी वाद घालत नव्हता. प्रत्येक जोडीचा दोरा कात्रीने कापायचा आणि मगच खोकं हातात द्यायचा. मी मागे बसून धुतलेलेच बूट पुन्हा धूत होते.

नवव्या दिवशी क्लासवाल्या बाई आल्या. काठी टेकत पायरी चढल्या. "शेठ, मी स्वतः जाऊन घेतली होती हो ती," त्या म्हणाल्या. "सही करून घेतलेली पावतीही होती कधीतरी. म्हणजे मला तेव्हाच फसवलं का?"

दादाने मान खाली घातली. "तसंच दिसतंय, बाई."

बाईंनी खोक्याकडे असं बघितलं की माझ्याच्याने राहवेना. बाहेर आले आणि बोलून टाकलं. सोल सुटला होता, मी चिकटवला, जोडी अस्सल आहे, तुझं काही चुकलं नाही दादा, मी मेली चुकले. रडतही होते, ओरडतही होते. बाईंनी खोकं छातीशी धरलं.

आता दादा माझ्या अंगावर येईल, निदान एक ठेवून देईल, असं वाटलं. मला ते हवं होतं. तो शांतपणे म्हणाला, "डबा आण."

मी सोल्युशनचा डबा आणला. त्याने झाकण पूर्ण काढलं. उग्र वासाने बाईंनी पदर नाकाला लावला, माझे डोळे चुरचुरले. दादाने डब्यावर नाक नेलं, डोळे मिटले, बुटात घ्यायचा तसा लांब श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग झाकण लावून डबा माझ्या हातात दिला.

"तू सांगून सवरून डबा पुढ्यात धरलास तरी कळत नाही," तो म्हणाला. "मग त्या दिवशी बुटात नाक घालून मी काय करत होतो? तू लपवलंस ते एका जोडीचं. मी तीन महिने दोरे बांधले."

"पण ही जोडी खरी आहे ना!" मी म्हणाले.

"जोडी खरी आहे. बाई, तुम्हाला कुणी फसवलं नव्हतं, निश्चिंत राहा. दोरा खोटा होता." त्याने कात्री घेतली, बाईंच्या हातातलं खोकं उघडलं आणि पांढऱ्या बुटाच्या नाडीतली गाठ कापली.

क्रेनवाल्याकडे मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, बहीण म्हटल्यावर तुम्ही असंच बोलणार.

दादा आता त्याच ॲपच्या गोदामात खोक्यांना पट्ट्या चिकटवतो. त्या कामाला नाक लागत नाही. घरी मात्र सवय सुटलेली नाही. टॉवेल, पाण्याचा तांब्या, काहीही हातात आलं की आधी नाकाशी नेतो, आणि मग माझ्याकडे बघतो. मी सांगते, "साबणाचा येतोय, दादा." तो मान हलवतो. माझ्यावर विश्वास ठेवण्याशिवाय त्याला दुसरा इलाज नाही, आणि मला तेच सोसत नाही.