आबांची चाल आणि एक्स-रेची टाकी

आबा कसे चालायचे, असं तुम्ही नातवंडांनी फोनवर विचारलंत आणि मला कपाटातली ती फिल्म आठवली. घरचा सिनेमा-कॅमेरा कायम आबांच्याच हातात असे, त्यामुळे ते स्वतः कशातच दिसत नाहीत. या एकाच कृष्णधवल फिल्मवर आहेत, कारण ती मी घेतली होती, मूल गावाजवळच्या धानाच्या बांधावर. ती धुवायची राहूनच गेली. आता बाहेर पाठवायला मन धजेना. वाटेत हरवली तर दुसरी नाही.

म्हणून घरीच धुवायचं ठरवलं. पुस्तक वाचून सामानाची यादी केली. फिल्म धुवायच्या टाकीसाठी चंद्रपुरातले फोटो स्टुडिओ पालथे घातले. "आजी, टाक्या कवाच्याच भंगारात गेल्या," एक जण हसत म्हणाला. शेवटी मूलच्या एका दवाखान्यात पूर्वी एक्स-रे काढणारे निवृत्त गृहस्थ सापडले. त्यांना मी भाऊ म्हणते. त्यांच्या स्टीलच्या टाकीत कोंबड्यांचे दाणे होते. ती मी तीनदा घासली. डेव्हलपर आणि हायपो ही धुवायची रसायनंही त्यांनीच मिळवून दिली.

सामानाच्या खोलीची खिडकी मी गोधडीनं झाकली, तर भाऊंनी आत लाल दिवा लावला.

"दिवा नको, भाऊ. या फिल्मला लाल उजेडही चालत नाही."

"बाई, मी जिंदगीभर लाल लाइटातच काम केलो. तुमाले काऊन भेव लागून राह्यला?"

"पुस्तकात स्पष्ट लिहिलंय."

"पुस्तकानं कधी हात ओले केले का?"

शेवटी कुणाचं खरं ते पाहायला अंधारात फिल्मच्या टोकाचे दोन वीतभर तुकडे कापले. आबांची काही पावलं त्यात गेली. अंधारात धुतलेल्या तुकड्यावर पुसट चौकटी उमटल्या. लाल दिव्याखालचा कोळशासारखा काळा झाला.

भाऊंनी दिव्याची वायर काढली. "अंधारात मले काई सुचत नाई, बाई. टाईम तुमी मोजा."

ते टाकीत फिल्म हलवत होते, मी मोठ्यानं सेकंद मोजत होते. मध्येच आकडा चुकले.

"किती झाले?"

"मोजतेय," मी म्हणाले आणि पुढचं अंदाजानं मोजलं.

फिल्म आता दोरीवर वाळते आहे. भिंगातून पाहिली. निगेटिव्ह असल्यानं आबांचा पांढरा सदरा काळा दिसतो. बहुतेक चौकटींत त्यांचं डोकंच कापलं गेलंय, ती चूक माझी. पण पाय आहेत. डावं पाऊल किंचित बाहेर टाकत ते बांधावरून येतात. फिल्मच्या एका कडेचा चित्राचा थर सुटू लागलाय. पंखा लावायचीही भीती वाटते, म्हणून घामाघूम होऊन तिच्यासमोरच बसून हे लिहिते आहे.