जहाजावरचे पाहुणे आणि शेवटची सुकेळी

आई गेली त्या वर्षी, पौषात, आमच्या वसईच्या घरी परदेशी पाहुणे आले. मुंबई बंदरात प्रवाशांचं मोठं जहाज दिवसभरासाठी लागणार होतं. त्यांतल्या काही जणांना बसने फिरवून इकडचे पदार्थ चाखवायचे, असा एका सहल कंपनीचा बेत होता. कंपनीचा माणूस आदल्या उन्हाळ्यात घर बघून गेला तेव्हा आईनंच "या की" म्हटलं होतं. आषाढात ती गेली. कंपनीला नको म्हणून कळवू या, असं मी बाबांना सुचवलं.

"तिनं बोलावलंय. मी कसा नको म्हनू?"

फडताळात आईच्या हातच्या सुकेळ्यांची एकच जुडी उरली होती. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्याच वाळक्या पानात बांधून ठेवायची, हे ती दर उन्हाळ्यात करी. ती जुडी वर्षश्राद्धाच्या पानावर वाढायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. बोललो मात्र कोणाशीच नव्हतो.

बस उशिरा आली. वहिनीनं तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं केलं होतं. बाबांनी ओटीवर पाट मांडले. गाइड मुलगी घड्याळ बघतच आत आली.

"अंकल, बसायला टाइम नाही. फक्त बाइट-बाइट द्या. लंच शिपवर आहे."

"जेवनार नाहीत? मग आले कशाला?"

"टेस्ट करायला."

"आमच्यात तर रांधनारी बाई पन चाखत नाही, नैवेद्याआधी," बाबा म्हणाले. मुलगी हसली. तिला तो विनोद वाटला.

मग तिला गोड पदार्थ हवा झाला. माहितीपत्रकात छापलं होतं म्हणे. घरात वर्षभर गोडधोड, तळण काही करायचं नव्हतं, हे मी तिला समजावत होतो, तोवर बाबा फडताळाशी पोचलेही.

"बाबा, ती नको. शेवटची आहेत. वर्षश्राद्धाला ठेवू."

"तिच्या हातचं तिलाच वाढनार? पाहुन्यांसाठी करायची ती."

त्यांनी जुडी सोडून मुलीपुढे ठेवली. मुलीनं सुकेळ्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले, त्यांत दात कोरायच्या काड्या खोचल्या आणि वहिनीकडे बोट दाखवून इंग्रजीत सांगितलं, हे या बाईंनी केलंय. वहिनी मान खाली घालून आत गेली. हे माझ्या आईनं केलं आहे आणि ती आता नाही, एवढंच मला सांगायचं होतं. इंग्रजी वाक्य जुळवलंही होतं. तेवढ्यात मुलीनं टाळ्या वाजवल्या. किल्ला बघायचा राहिला होता. एका बाईनं चावलेला तुकडा कागदात गुंडाळून बशीखाली सरकवला. एका म्हाताऱ्यानं दोन तुकडे खाल्ले आणि काहीतरी चांगलं बोलला. पण बोलला तो चालता चालता, मला नीट ऐकूही आलं नाही.

बस गेल्यावर मी बाबांवर ओरडलो. "कोणाचं खाल्लं, हे तरी कळलं का त्यांना?"

ते बशा गोळा करत होते. एका बशीत एक तुकडा तसाच राहिला होता. त्यांनी त्यातली काडी काढली आणि तो माझ्यापुढे धरला.

"खा."

मी तो तोंडात टाकला आणि बोलतच राहिलो. त्या मुलीबद्दल, कंपनीबद्दल, त्या कागदाबद्दल. बाबा ऐकत होते. माझं बोलणं थांबल्यावर त्यांनी विचारलं,

"कसा लागला?"

तुकडा केव्हाच गिळून झाला होता. मला सांगता येईना.