सुकेळीच्या पुडीची गाठ

शेजारच्या ताराकाकूंच्या सुनेने काल सुकेळीची पुडी पाठवली. वाळल्या केळीच्या पानाचा तो गोडसर वास आला आणि मी थेट आगाशीच्या वाडीत पोचले, नवी नवरी होते तेव्हाच्या.

त्या उन्हाळ्यात केळी वाळवून, पानात बांधून ठेवलेल्या आमच्या काही पुड्या गायब झाल्या होत्या. पुडी बांधायची गाठ आमच्याकडे घराघराची वेगळी. सासूबाई मला घेऊन सहज म्हणून ताराकाकूंकडे गेल्या. काकूंनी बशीत पुडी ठेवली. सासूबाईंनी ती आधी उलटी केली.

"वहिनी, गाठ बघताय का?" काकूंचा आवाज कापला.

"छे गं! पान किती छान वाळलंय ते बघते."

गाठ काकूंच्याच घरची होती. लाजेने माझी मान वर होईना. परतताना सासूबाई पुटपुटल्या, "गाठीचं काय, सोडून परत बांधता येते."

किती संशयी बाई, असं वाटून मला चीड आली होती.

काल पुडी हातात घेतली आणि मी आधी उलटी केली.

"आई, काय बघताय?" माझ्या सुनेने विचारलं.

"काही नाही गं. पान किती छान वाळलंय ते बघते."