भांगेचं तेल आणि कढई

द्वारकाचे डोळे सुजून पार मिटले होते. मान, हात, गाल, सगळीकडे पाण्याने भरलेले फोड. खामगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणारी ती तरणी बाई खाटेवर तळमळत होती आणि माझ्या दवाखान्याच्या दारात दारूबंदी खात्याचा जमादार ठाण मांडून बसला होता. बंदी असलेली भांग घरात वापरतात, अशी कुणीतरी चुगली केली होती.

"डॉक्टर, भांगेच्या तेलानं झालं, एवढी एक ओळ लिहा. म्हातारीले आत्ताच नेतो."

म्हातारी म्हणजे द्वारकाची सासू. ती तेलाची बाटली घेऊन कोपऱ्यात उभी. महाराष्ट्र नुकताच झाला होता, मीही नोकरीत नवखा. तेलाच्या बाटलीला भांगेच्या पाल्याचा वास येत होता. मी केस पेपरवर 'भांग' लिहूनही टाकलं.

पण पेन थांबलं. सुनेला इसब होता, म्हणजे खाजरी, लाल होणारी कातडी. सासू महिनाभर हेच तेल चोळतेय, असं द्वारकानेच सांगितलं होतं. मग आत्ताच काय झालं?

"मावशी, काय घातलं तेलात?"

"काई नाई. तेलच हाय." जमादाराकडे बघत तिने बाटली पदराआड ओढली.

माझं डोकं सटकलं. "जमादार, बाहेर व्हा! पेशंट माझी आहे."

दार लावलं. म्हातारी रडायलाच लागली. "पाला घातला साहेब. महिनाभर खाज थांबली व्हती. परवा नवं तेल काढलं, अन् हे झालं! मायी सून आंधळी होईन का हो?"

"कशात काढलं?"

"कढईत."

"आधी कढईत काय होतं?"

"बिब्ब्याचं तेल. म्हशीच्या खुरासाठी. पण राखेनं चकाचक घासली ना!"

मी तिचे हात ओढून पाहिले. बोटांवर काळे डाग, कडेला फोड. अहो, कातडी जाळणारा बिब्बा राखेने जातो होय! त्याच्या चिकाने धोबी कपड्यांवर खुणा करतात, त्या कपडा फाटेपर्यंत टिकतात.

अंग खोबरेलाने पुसलं, इंजेक्शन दिलं, थंड पट्ट्या ठेवल्या. 'भांग' खोडून लिहिलं: बिब्ब्याचा दाह.

जमादाराने कागद दोनदा वाचला. "बिब्ब्यावर कलम नाई," म्हणाला आणि सायकल काढली.

तिसऱ्या दिवशी द्वारकाचा एक डोळा उघडला. तिने आधी सासूला शोधलं. "आत्याबाई, तुमाले नेलं नाई ना?"

मी मान खाली घातली. म्हातारीला नेऊ शकणारा तो खोडलेला शब्द माझाच होता. तेव्हापासून पेशंटला आधी भांडं विचारतो, औषध नंतर.