साठ किलोचा फौजदार

कोणताही कागद समोर आला की ती बाई कागदाकडे बघायचीच नाही, वाचणाऱ्याकडे बघायची. मग त्याचं बोट धरायची आणि म्हणायची, “कुटं लिवलंय? बोट ठिवा हितं.” तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती. पण समोरचा खरं वाचतोय की मनाचं सांगतोय, हे तिला म्हणे बोटावरून कळायचं. खोटं सांगणाऱ्याचं बोट ओळीवर ठरत नाही. तुम्ही हसाल, मीही हसलो होतो. पण पौडच्या गुरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर म्हणून अकरा वर्षं काढली, आणि तेवढ्या काळात तलाठ्यापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत अनेकांची बोटं तिच्या मुठीत गेलेली पाहिली. पहिलं बोट माझंच होतं.

रानडुकरानं मांडी फाडलेला कुत्रा घेऊन ती आली होती. कुत्रा कसला, काळंकुट्ट वासरूच ते. धनगराच्या कळपातलं पिल्लू तिनं कधीतरी मागून आणलं होतं. डॉक्टर फिरतीवर होते. मी म्हटलं, टाके डॉक्टरच घालतात, नियम आहे, उद्या या. झालं! भिंतीवरच्या नियमांच्या तक्त्यापाशी तिनं मला बोट धरून नेलं. तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. तसं काही कुठंच लिहिलेलं नव्हतं. अकरा टाके घातले मुकाट्यानं. तिनं कुत्र्याचं तोंड काखेत दाबून धरलं होतं आणि तो हूं की चूं करत नव्हता.

केसपेपरवर लिहायला नाव विचारलं तर म्हणाली, “फौजदार.” का, तर फौजदाराला समदे भितात म्हणून. त्या दिवसापासून ती मला ‘डाक्टर’ म्हणायला लागली. खऱ्या डॉक्टरांना ती ‘मोठं सायब’ म्हणे. मी काही तिची चूक सुधारली नाही. कोण सुधारील?

माले गावाच्या वरच्या अंगाला, धरणाच्या पाण्यावर डोकं काढून बसलेल्या एका वाडीत ती राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा विमान कंपनीत मेकॅनिक होता, तोही पार आसामात. त्याची पत्रं मी वाचून दाखवायची आणि उत्तरंही मीच लिहायची, हा धंदा टाक्यांच्या पाठोपाठ माझ्या गळ्यात पडला.

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. एकदा पाणवठ्यावर पाय घसरून ती पडली, आणि फौजदारानं वाडीत जाऊन भुंकून भुंकून माणसं गोळा केली. हे मुलाला कळलं तसं त्याचं पत्र आलं, की आता एकटी राहू नकोस, कायमची इकडे निघून ये, कंपनी मेकॅनिकच्या आईला विमानाचा पास देते. तिनं उत्तर सांगितलं ते एका ओळीचं: मी येते, फौजदार बी येतो.

मुलानं कुत्रा का आणता येणार नाही ते चार पानं भरून लिहिलं. मी चारही पानं वाचली. ती हरभरे सोलत ऐकत होती. म्हणाली, लिवा, मंग मी बी येत न्हाई.

मला राग आला. खरंच आला. मी तिला चांगलं फैलावर घेतलं, की अहो, डोळ्यांनी दिसत नाही, पावसाळ्यात घसरून पडलात तर सकाळी कुणाला कळणारही नाही, आणि एका कुत्र्यापायी पोटच्या पोराला नाही म्हणता? वाडीतला पाटील कुत्रा सांभाळायला तयार होता. डॉक्टरही म्हणाले, दवाखान्यात ठेवू. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं.

“पोराला बायकू हाय,” ती म्हणाली, “ह्याला कोन हाय?”

तीन महिने हे टपाल चाललं. मायलेकांच्या भांडणात माझ्या दौतीतली शाई संपली. शेवटी पोरगा वाकला. साहेबांचे पाय धरून त्यानं परवानगी मिळवली आणि कंपनीचा कागद आला. जनावराच्या तब्येतीचा दाखला हवा, कुत्रा पेटीत बंद हवा, आणि पेटीसकट वजन साठ किलोच्या वर नको. तिनं माझं बोट त्या ‘साठ’वर ठेवून घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

पेटी पौडच्या सुतारानं केली. त्यानं जन्मभर बैलगाड्याच केलेल्या, त्यामुळे पेटीला चाकं लावली असती तर दोन बैल जुंपता आले असते. किलो तेव्हा नुकते आले होते. बाजारात लोक अजून शेर-मणातच बोलत. कोळशाच्या वखारीत नवा काटा होता, त्यावर पेटी आणि पेटीत फौजदार चढवला. अठ्ठावन्न भरले. डॉक्टरांनी दाखल्यावर सही केली. जायला आठ दिवस होते.

आता पुढचा गाढवपणा ऐका. त्या वाडीत रीत होती, की कुणी कायमचं गाव सोडून निघालं की प्रत्येक घरानं त्याला एकेक वेळ जेवू घालायचं. सासरी जाणाऱ्या पोरीचं केळवण असतं ना, तसंच. घरं चौदा. बाई जाणार, तसा फौजदारही जाणार, मग त्याचं पान का नको? चौदाही घरांत बाईच्या पानाशेजारी त्याची पत्रावळ पडली. कुणी आंबेमोहर भात आणि दूध, कुणी कोंबडी, कुणी खाडीतली सुकट. कुणी म्हणे पुन्हा कधी खाणार बिचारा आपल्या घरचं, म्हणून आग्रहाचं वर. शेवटच्या जेवणाला मी स्वतः होतो. माझ्या हातानं त्याला दोन पुरणपोळ्या घातल्या. जनावरांच्या दवाखान्यात इतकी वर्षं काढलेला माणूस मी, पण माझ्याही डोक्यात वजन आलं नाही.

मुंबईपर्यंत पोहोचवायला मीच गेलो. मुलानं पत्रातून विनवलं होतं, आणि तिनं तर विचारलंच नाही, “तुमी यायाचं” एवढंच सांगितलं. पहाटे निघालेल्या कोळशाच्या ट्रकमधून आम्ही दुपारी विमानतळावर उतरलो, तिघंही सारखेच काळे.

तिथल्या काट्यावर पेटी चढली. त्रेसष्ट.

तिथला अधिकारी वाईट नव्हता. त्यानं पुन्हा वजन केलं, पुन्हा त्रेसष्ट. तो म्हणाला, आजी, तुमचा पास आहे, तुम्ही जा; कुत्रा हे गृहस्थ परत नेतील. गृहस्थ म्हणजे मी. बाईनं त्याचं बोट धरलं. त्यानं निमूट दाखवलं. साठ. लिहिलेलंच होतं.

तिनं वाद घातला नाही. पेटी उघडून आतली गोधडी काढली, लोखंडी साखळी काढली, पितळी पातेलं काढलं. साडेएकसष्ट. तिनं माझ्याकडे बघितलं. एवढ्या ओळखीत तिनं माझ्याकडे पहिल्यांदाच मदत मागितली होती, तीही न बोलता. तेव्हा कुठं माझी अक्कल जागी झाली. चौदा घरांचं जेवण होतं ते पोटात, ट्रकमध्ये सकाळपासून बांधलेलं! मी अधिकाऱ्याला म्हटलं, अर्धा तास द्या, त्याला मोकळा करून आणतो.

इमारतीच्या बाजूला गवताचं मोठं मोकळं रान होतं. दोरीला धरून आम्ही त्याला हिंडवला. तो नुसता आमच्या तोंडाकडे बघत उभा राही. त्या दिवसापर्यंत कधी बांधून घेतलेलं नाही, रानात आडोशाला जाणारं जनावर. दोरीच्या टोकाला, माणसांदेखत तो काही करणार नव्हता. वीस मिनिटं गेली. तिनं वाकून दोरी सोडली.

मी ओरडलो, बाई, परका मुलूख आहे, परत नाही यायचा! तोवर फौजदार गवतात दिसेनासा झाला होता. पलीकडे विमानांचे आवाज, ट्रकांचे भोंगे. शिपाई धावत आला. आता विमानही जाणार आणि कुत्राही, असं मला वाटलं. ती मात्र गवतात खाली बसली आणि बोलायला लागली. माझ्याशी की स्वतःशी, कोण जाणे.

धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा ती नुकतीच नांदायला आलेली, पंधरा वर्षांची. सासऱ्यानं घराची लाकडं, भांडी, गुरं, सगळं गाडीत घातलं आणि वरच्या माळावर बिऱ्हाड नेलं. घरची कुत्री चुलीमागं व्यालेली होती. सासरा म्हणाला, येईल मागनं. ती पिलं सोडून कशाला येतेय?

“तीन दिस भुकताना आयकू यायची. नवी सून मी, बोलनार काय? चवथ्या दिशी आवाज बंद झाला.” मग म्हणाली, “तवापास्नं बोलती मी.”

तीन महिने मी त्या बाईला हेकट म्हणत होतो, आणि कान उपटावेत असा मी होतो.

गवत हललं. फौजदार आला. जसा गेला तसाच आला, सावकाश, हलका होऊन, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून उभा राहिला. तिनं त्याला शाबासकी दिली नाही की मिठी मारली नाही. त्याच्या कानातलं गवत काढलं आणि पेटीकडे चालायला लागली.

काट्यावर साठला थोडे कमी भरले. अधिकाऱ्यानं स्वतःहून काट्यावर बोट ठेवून तिला दाखवलं. तिनं गोधडी काखेत मारली, साखळी आणि पातेलं माझ्या हातात दिलं, आणि पायऱ्या चढून गेली. मागे वळून बघितलं नाही.

चार-सहा महिन्यांनी मुलाचं पत्र आलं, या वेळी थेट माझ्या नावावर. लिहिलं होतं की कंपनीच्या चाळीत कुत्रा ठेवायला मनाई आहे. शेजारी तक्रार करतात. कुत्रा आत घेता येत नाही म्हणून आई त्याच्याजवळ ओसरीवर झोपते, थंडीतसुद्धा. माझं ऐकत नाही, साहेबांचंही ऐकत नाही. तुम्हाला ती मानते, तेव्हा चार शब्द लिहून तिची समजूत घाला, आम्ही कुत्र्याची चांगली सोय लावतो.

पत्र दोनदा वाचलं. पोराचं काही चुकत नव्हतं. तरी मी कार्ड घेतलं आणि लिहिलं: “समजूत घालणार नाही. तुम्हाला जमत नसेल तर दोघांनाही परत पाठवा. मी मुंबईला घ्यायला येतो.”

त्याला उत्तर आलं नाही. पुढे कित्येक महिने पोस्टमन आला की मी विचारत असे. पत्रही आलं नाही, आणि ती दोघंही परत आली नाहीत.