आजचा केक कुणाचा

केककाकांसारखा नवरा दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, यावर त्या इमारतीत कुणाचंच दुमत नव्हतं. माणूस बेकरीत भट्टीवर कामाला. दिवसभर आगीसमोर उभं राहून लोकांचे पाव भाजायचे आणि घरी येऊन पुन्हा बायकोसाठी ओट्याशी उभं राहायचं, हे कुणाच्या घरी होतं? शेजारच्या शिंपीणबाईंचा नवरा चहा पिऊन झाल्यावर कपसुद्धा जागचा हलवत नसे. त्यामुळे शिंपीणबाई जिन्यात भेटल्या की हमखास म्हणायच्या, "काकू, नशीब काढलंत हो." काकू हसायच्या. ओठ धड असला तर.

आता लपवाछपवी न करता सांगून टाकलेलं बरं. काकांच्या हातचा केक घरात एकाच कारणानं व्हायचा. काकूंना मारून झालं की. कधी त्याच संध्याकाळी, कधी दुसऱ्या दिवशी. एरवी वाढदिवस असो, पोरीचा निकाल असो, पाहुणे येवोत, काका बेकरीतून नानकटाईचा पुडा आणून मोकळे व्हायचे. केकसाठी नारळ घरात आला की काकूंना मार पडला आहे, हे गणित साधं होतं, पण ते मांडायची तसदी कुणी घेत नव्हतं.

आणि केक मात्र असा व्हायचा, की खोटं कशाला बोला, तसा केक त्यांच्या बेकरीच्या काचेतही कधी दिसला नाही. काका नारळ डाव्या तळहातावर घ्यायचे आणि कोयत्याच्या पाठीनं एकच घाव घालायचे. दोन सारख्या वाट्या. मग खोबऱ्याची काळी पाठ सोलून पांढराशुभ्र कीस काढायचा, अर्ध्याचं दूध पिळून पिठात घालायचं, उरलेला कीस मंद आचेवर परतायचा. तो वास जिन्यातून थेट खाली जायचा. अननसाचे बारीक तुकडे साखरेत आणि लिंबाच्या रसात शिजवून, ते तकतकीत झाले की ताटलीत पसरून पूर्ण गार करायचे. केकचे थर सुरीनं नाही, दोऱ्यानं कापायचे. दोन्ही टोकं हाताच्या बोटांना गुंडाळून दोरा हळूच ओढायचा, की एक चुरा पडत नाही. प्रत्येक थरावर कडेनं क्रीमचा बांध घालायचा, आत अननस भरायचं, वर पुढचा थर. शेवटी भाजलेला कीस तळव्यानं थोपटून चहूबाजूंनी लावायचा. आदल्या दिवशी ज्या हातानं काकूंचं डोकं भिंतीवर आपटलेलं असायचं, तो हात त्या केकला इतक्या मायेनं थोपटायचा, की बघणाऱ्याला वाटावं, याला मुंगीसुद्धा मारता येत नसेल.

माणूस दारूला शिवत नव्हता. म्हणजे दारूवर खापर फोडायचीही सोय नाही.

पहिला केक लग्नाच्या नव्या नवलाईत झाला. काकूंनी चुकून काकांच्या टॉवेलला हात पुसले होते. एवढंच. काय झालं ते कळायच्या आत त्या जमिनीवर होत्या आणि खालच्या ओठात दात घुसला होता. दुसऱ्या दिवशी केक समोर आला. काकांनी स्वतःच्या हातानं घास भरवला. अननसातलं लिंबू फाटलेल्या ओठाला असं झोंबलं, की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. काकांना वाटलं, बायको विरघळली. तेही रडले. पुढे काकू जीभ आडवी धरून, घास दुखऱ्या बाजूला न लागू देता खायला शिकल्या. अशी विद्या कुठल्या शाळेत शिकवत नाहीत.

पण काकूंचा खरा संताप या गोष्टीचा नव्हता. त्यांना संताप होता तो स्वतःच्या जिभेचा. केक त्यांना आवडायचा. बरगडी ठणकत असायची आणि जीभ दुसरा तुकडा मागायची. या जिभेला चटका द्यावा, असं त्यांना कितीदा वाटलं असेल.

काकू लाँड्रीत इस्त्रीला जायच्या. जड इस्त्री फिरवून फिरवून मनगटं पुरुषासारखी झाली होती. बरोबरीच्या बायका थट्टा करायच्या, "काकू, या हाताची एक बसली तर माणूस उठायचा नाही." काकू म्हणायच्या, "म्हणून तर कुणाला लावत नाही." सगळ्या हसायच्या. काकू का उलटून मारत नव्हत्या, याचं उत्तर घरात होतं. त्यांची लेक.

पोर रांगत होती तेव्हाची गोष्ट. तिनं काकांचा मैद्याचा डबा उपडा केला. काकांचा हात वर गेला. काकू मध्ये पडल्या आणि म्हणाल्या, "तिला बोट लावायचं नाही." काका थांबले. मग अगदी समजूतदारपणे म्हणाले, "तिला कशाला? तू आहेस ना."

आणि मग जे व्हायचं ते काकूंचं झालं. पण त्या रात्री मनगट फडक्यात बांधताना काकूंना सुटल्यासारखं वाटलं. करार झाला होता. आपण आहोत तोवर पोरीला हात लागणार नाही. वर्षानुवर्षं त्या या कराराला घट्ट धरून बसल्या. माहेरी निघून गेल्या नाहीत, पोलिसात गेल्या नाहीत, उलटून एक शब्द बोलल्या नाहीत. मार चुकवायला शिकल्या असत्या, तेही शिकल्या नाहीत. आपण चुकवला तर तो जाणार कुठे, ही भीती. त्यांच्या लेखी त्यांचं अंग म्हणजे पोरीच्या खोलीचं दार होतं, आणि काकांनी हा करार मोडलाही नव्हता. आज नाही, कधीच नाही, असं त्या स्वतःला रोज बजावायच्या.

पोर लहान असताना विचारायची, "आई, पुन्हा केक कधी होणार?" काकू म्हणायच्या, "होईल गं लवकरच." पुढे पोरीला समज आली. एके दिवशी तिनं ताटली बाजूला सारली आणि म्हणाली, "मला नारळ आवडत नाही." त्यानंतर तिनं केकला हात लावला नाही. काका दुखावले. अर्धा केक शेजारी वाटावा लागला. मग तीच रीत पडली. शिंपीणबाईंकडे एक ताटली, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे एक. दोन्हीकडून ताटल्या धुवून, कौतुकासकट परत यायच्या.

त्या दिवशी काकू लाँड्रीतून परतल्या तेव्हा पाय भरून आले होते. पहिला जिना चढल्या आणि भाजल्या खोबऱ्याचा वास आला.

त्यांचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला. मग खांद्यावर, मग बरगडीवर. कुठेच दुखत नव्हतं. दंडावरचा जुना डाग पिवळा पडून कधीच गेला होता. काल काही झालं नव्हतं, परवाही नाही. त्या जिन्यात उभ्या राहून आठवू लागल्या, आपल्याला कधी मारलं? मारलंच नाही तर केक कसा? विसरलो की काय आपण? क्षणभर त्यांना खरोखर वाटलं की आपल्या लक्षात राहिलं नसेल.

मग त्यांना कळलं. हातातली पिशवी तिथेच सुटली.

त्या कशा धावल्या ते त्यांचं त्यांना माहीत. दारात शिंपीणबाई उभ्या होत्या. म्हणाल्या, "आज बेत दिसतोय. आम्हाला विसरू नका हं." काकूंनी त्यांना जवळजवळ ढकललंच.

काका ओट्याशी होते. नेहमीची शांतता मात्र नव्हती. घाई झाली होती. अननस गार व्हायच्या आत भरलं होतं, त्यामुळे क्रीम पातळ होऊन थर घसरत होते. काका दोन्ही हातांनी केक दाबून धरून उभे होते.

"पोर कुठंय?"

"आत आहे. अभ्यास करतेय. तू हातपाय धू आधी."

पोर आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसली होती. डावा तळवा कानावर. बोटांमधून बारीक रक्त मनगटाकडे ओघळलं होतं आणि तिथे सुकलं होतं. तिचे गाण्याचे इयरफोन जमिनीवर पडले होते, वायर तुटलेली.

"दार उघडायला उशीर झाला," ती म्हणाली. "ऐकू आलं नाही मला. गाणी लावली होती."

"किती मारलं?"

"एकच." आणि आईला धीर द्यावा तशी पुन्हा म्हणाली, "एकच गं, आई."

हे काकूंचंच वाक्य होतं. लाँड्रीत, माहेरी, दवाखान्यात, सगळीकडे त्यांनी हेच सांगितलं होतं. आपण पोरीला अंगाआड ठेवलं, असं त्या समजत होत्या. पोर तर अंगाआडून सगळं शिकून बसली होती.

काकू स्वयंपाकघरात आल्या. काका केकवरची पकड न सोडता म्हणाले, "मुद्दाम नाही केलं. हात लागून गेला. अननस जास्त घातलंय बघ तिच्यासाठी. आज खाईल ती."

"तू म्हणाला होतास, मी आहे ना." लग्नानंतर पहिल्यांदा काकूंच्या तोंडचं अहो गळून पडलं होतं. "मी होते ना रे. माझं काय उरलं होतं म्हणून तिच्यापर्यंत गेलास?"

काकांनी जरा विचार केला. खरंच केला. आणि जे होतं ते सांगितलं.

"तू घरी नव्हतीस."

ते ऐकलं आणि काकूंना इतक्या वर्षांचा आपला मूर्खपणा लख्ख दिसला. करार वगैरे काही नव्हतंच. त्या फक्त जवळ असायच्या, एवढंच.

एखादा नारळ कुजका निघतो म्हणून काका नेहमी दोन आणायचे. दुसरा ओट्यावर होता. काकूंनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि काकांच्या केक दाबून धरलेल्या उजव्या हातावर आदळला. काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. नारळ शाबूत होता.

काका ओरडले. डाव्या हातानं त्यांनी काकूंची वेणी धरली आणि डोकं फडताळाच्या कोपऱ्यावर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. भुवईवरून रक्त डोळ्यात आलं. याची काकूंना सवय होती. मार खाताना शुद्ध कशी टिकवायची हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी नारळ सोडला नाही. तोच हात, तीच बोटं, पुन्हा. मग मनगट. इस्त्री दाबतात तसं सगळं अंग वर घालून. वेणी सुटली. काका हात पोटाशी धरून जमिनीवर बसले आणि गुरासारखे हंबरू लागले. काकूंनी पुन्हा नारळ उचलला होता. मारावं असं मनापासून वाटत होतं. डोक्यात घालावा, संपवावा, असं वाटत होतं. दारात पोर उभी होती म्हणून तो खाली ठेवला.

काकूंनी पदरानं डोळ्यातलं रक्त पुसलं. "चप्पल घाल," त्या पोरीला म्हणाल्या. "दवाखान्यात जायचं. मग पोलिसात. या घरात परत यायचं नाही." पोर हलेना. काकूंनीच वाकून तिच्या पायात चपला सरकवल्या. जाता जाता त्यांनी तो घसरलेला, वाकडा झालेला केक ताटासकट उचलला.

बाहेर सगळा मजला गोळा झाला होता. काकूंच्या ओरडण्यानं या दारांच्या कड्या आतून लागायच्या, टीव्हीचे आवाज वाढायचे. काकांच्या एका ओरडण्यानं सगळी दारं उघडली होती. मास्तरसुद्धा गुडघे धरत खाली आले होते.

"अगं बाई, काकांना काय झालं?" शिंपीणबाई म्हणाल्या. मग त्यांना काकूंच्या चेहऱ्यावरचं रक्त दिसलं.

काकूंनी ताट त्यांच्या हातात दिलं. "घ्या. इतकी वर्षं माझा खाल्लात. कधी ओठ फाटला त्याचा, कधी बरगडीचा, कधी बोटाचा. आजचा हिचा आहे. कान फुटलाय. मास्तरांनाही द्या, त्यांना अननस आवडतं."

केकचा वरचा थर हळूहळू सरकून ताटाच्या कडेवर आला. मास्तर जमिनीकडे बघत होते. आतून काकांचं हंबरणं येत होतं, पण आत जायला कुणी पुढे झालं नाही.

अगदी हळू आवाजात शिंपीणबाई म्हणाल्या, "माहीत होतं गं आम्हाला."

काकूंनी पोरीचा हात धरला आणि त्या जिना उतरू लागल्या. खालच्या वळणावर पोरीनं त्यांना थांबवलं. मघाशी वर शिंपीणबाई तिच्या डाव्या बाजूला उभ्या होत्या.

"काय म्हणाल्या गं त्या? मला ऐकू आलं नाही."

काकू पोरीच्या उजव्या बाजूला आल्या आणि त्यांनी तिला सांगितलं.